मनांतला फिर्यादी

‘मन चिंती तें वैरी न चिंती’ ही म्हण आमच्या घराघरांत ऐकूं येते. परगांवीं गेलेला मुलगा वेळेवर परतला नाहीं, कीं आई नाना अमंगळ कल्पना करूं लागते आणि घरांतील कोणी वडील माणूस ही म्हण उच्चारून तिला थोपवितें. परंतु मन दुसऱ्याविषयीं जेवढें अशुभ चिंतितें त्याहून पुष्कळ अधिक तें स्वतःविषयीं चिंतीत असतें, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ‘तुझ्या हातून कांहीं एक व्हावयाचें नाहीं; लोक तुला चांगला म्हणतात, कारण त्यांना तुझें अंतरंग ठाऊक नाहीं; संधि होती ती तूं घालविलीस, आतां उशीर झाला,’ असलीं वाक्यें तोंडावर बोलण्यास हाडवैरीही कचरेल. मन मात्र तीं दिवसांतून दहा वेळां बोलतें आणि आम्ही तीं निमूटपणें ऐकून घेतों. शिवाय तीं आपल्याच मनानें उच्चारलीं, एवढ्याच कारणावरून आम्ही तीं खरीं मानतों.

या अंतर्गत छळाचें यथातथ्य वर्णन वाङ्मयांत विरळा आढळतें. आपलें दुःख सांगण्यास मनुष्य फारसा लाजत नाहीं. पण आपण स्वतःस काय काय बोलतों हें सांगण्यास तो लाजतो. ही लाज ज्यानें बाजूस ठेविली अशा एका ग्रंथाचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. जॉन बन्यन याचा ‘ग्रेस अबाउंडिंग टु द चीफ ऑफ सिनर्स’, म्हणजे ‘महापाप्यावर झालेली विपुल कृपा’, हा तो ग्रंथ. तो १६६६ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्यानंतर बारा वर्षांनीं, १६७८ मध्यें, बन्यनचें ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हें रूपक बाहेर पडलें. हरि केशवजी यांनीं १८४१ मध्यें ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें तें मराठींत आणलें, त्यामुळें रूपकाचें नांव तरी आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नसावें. परंतु ज्या आत्मचरित्रांतून तें रूपक निपजलें, तें वाचणारे थोडे. वस्तुतः हे दोन ग्रंथ एकमेकांचे पूरक आहेत. पहिल्यांत रोगाची दैनंदिनी आहे आणि रोगी कशानें उठून बसला याचें मर्म दुसऱ्यांत अधिक स्पष्ट झालें आहे.

बन्यनचा जन्म १६२८ सालीं बेडफर्डजवळील एल्स्टो या खेड्यांत झाला. बाप गांवोगांव फिरून फुटकीं भांडीं सांधणारा. मुलगाही तोच धंदा शिकला. इंग्लंडांत राजा आणि पार्लमेंट यांचें युद्ध चाललें असतां पार्लमेंटच्या सैन्यांत त्यानें थोडीं वर्षें चाकरी केली. एकदां वेढ्यावर जाण्याची त्याची पाळी असतां दुसरा एक शिपाई त्याच्या जागीं गेला आणि गोळी लागून मेला. पुढें लग्न झालें. बायकोनें आणलेला सारा ऐवज म्हणजे दोन धर्मपर पुस्तकें. १६६० मध्यें, परवान्यावांचून उपदेश करतो या आरोपावरून, त्यास तुरुंगांत घातलें. उपदेश करणार नाहीं असें वचन देता तर तो सुटता. तें त्यानें दिलें नाहीं आणि १६७२ पर्यंत बारा वर्षें बंदिवासांत काढलीं. तेथें नाड्यांच्या टोंकांस धातूच्या पत्र्या बसवून तो कुटुंबाच्या पोटाची कांहीं तजवीज करी. प्रस्तुत ग्रंथ त्याच तुरुंगांतून, बाहेर राहिलेल्या आपल्या अनुयायांस उद्देशून, त्यानें लिहिला. भाषा अधिक अलंकृत करतां आली असती, पण देवानें आपल्याशीं खेळ केला नाहीं म्हणून आपणही लिहितांना खेळ करणार नाहीं, असा आशय तो प्रस्तावनेंत मांडतो आणि तो शेवटपर्यंत पाळतो.

त्याच्या छळाची सुरुवात अगदीं किरकोळ गोष्टींपासून होते. एका रविवारीं तो मैदानांत आमच्या विटीदांडूसारखा एक खेळ खेळत होता. विटी एकदां उडवून दुसरा टोला हाणणार, इतक्यांत, पापें सोडून स्वर्गास जाणार कीं पापें घेऊन नरकास जाणार, असा प्रश्न त्याच्या कानीं पडला. तो क्षणभर थबकला. मग, आतां पापाची परिसीमा झालीच आहे, क्षमेची वेळ निघून गेली आहे, तेव्हां खेळ सोडून तरी काय लाभ, असा विचार करून पुन्हां खेळूं लागला. देवळाची घंटा वाजविण्याची त्याला हौस होती. तीही सोडली, तरी घंटा वाजत असतां बघावयास जाई. मग वाटूं लागलें, घंटा डोक्यावर पडली तर? म्हणून तुळईखालीं उभा राहूं लागला. मग वाटलें, घंटा भिंतीवर आपटून आपल्या अंगावर आली तर? म्हणून दारांत गेला. शेवटीं सबंध मनोराच कोसळेल या भयानें त्यानें तेथून पळ काढला. हा भाग वाचतांना प्रथम हंसूं येतें आणि लगेच मावळतें. कारण भयाला एक पाऊल जागा दिली कीं तें दुसरें पाऊल कसें मागतें, हें कोणाही वाचकानें आपल्या घरांत नाहीं तर आपल्या मनांत पाहिलेलें असतें.

पुढें आवाज अधिक धीट झाला. ‘ख्रिस्ताला विकून टाक’ अशी एकच प्रेरणा जवळजवळ वर्षभर त्याच्या मनांत सतत घुमत राहिली. जेवतांना, काम करतांना तो तिच्याशीं झगडत असे. एका सकाळीं अंथरुणांत, झगडून थकल्यावर, ‘त्याची इच्छा असेल तर जाऊं दे त्याला’ असा एक विचार मनांतून निसटून गेला. तेवढ्यानें त्याचा सर्वनाश झाला असें त्यास वाटलें. भाकरी आणि कालवण यांसाठीं ज्येष्ठत्वाचा हक्क विकणाऱ्या आणि मग रडूनही तो परत न मिळविणाऱ्या एसावाची कथा बायबलांत आहे. आपण तोच एसाव, असें तो पुढें दोन-अडीच वर्षें स्वतःस सांगत राहिला. दावीदाचें पाप, पेत्राचें पाप, यहूदाचें पाप आपल्या पापाशेजारीं ठेवून तो तोलून पाही; आणि पारडें प्रत्येक वेळीं आपल्याच बाजूला झुके. एका जुन्या भाविक गृहस्थाजवळ त्यानें मन मोकळें केलें: आपण पवित्र आत्म्याविरुद्ध पाप केलें असावें, अशी भीति वाटते. ‘मलाही तसेंच वाटतें,’ अशा अर्थाचें उत्तर त्या गृहस्थानें दिलें. बन्यन हें कोणतीही टीका न करतां नमूद करतो. एकदां शेजारच्या गांवीं रस्त्यावरील बाकावर तो बसला असतां त्यास वाटलें, आकाशांतला सूर्य आपणास प्रकाश देण्यास कां-कूं करीत आहे आणि रस्त्यांतील दगड व घरांवरील कौलेंही आपल्याविरुद्ध एक झालीं आहेत.

आतां या आवाजाचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे. तो खोटेंच बोलतो असें नाहीं. बन्यनच्या तोंडीं शिव्या असत, तो धर्माविषयीं बेफिकीर होता, हें खरेंच होतें. आवाजाची लबाडी निराळीच आहे. न्यायसभेंत फिर्यादी एक असतो, साक्षीदार दुसरा असतो आणि न्यायाधीश तिसरा असतो. मनांतल्या या सभेंत तिन्ही कामें एकच इसम करतो. तोच आरोप ठेवतो, तोच पुरावा देतो, तोच निकाल सांगतो. आणि आरोप खरा ठरला म्हणजे निकालही आपोआप खरा ठरला असें आरोपीस भासवितो. बन्यन वर्षानुवर्षें आरोपांची उत्तरें देत बसला, म्हणूनच हरत गेला. उत्तर देणाऱ्यानें या सभेचा अधिकार मान्य केलेलाच असतो.

त्याची सुटका कशानें झाली? एका दिवशीं धंद्यानिमित्त बेडफर्डांत फिरत असतां तीन-चार गरीब बायका एका दाराशीं उन्हांत बसून बोलत असलेल्या त्यास दिसल्या. त्या आपल्या मनाच्या दुष्टपणाविषयीं, आपल्या नालायकीविषयीं बोलत होत्या. म्हणजे बन्यन स्वतःशीं जें बोलत असे तेंच. परंतु त्यांच्या बोलण्यांत एक प्रकारचा आनंद होता. हें त्यास नवें होतें. स्वतःविषयीं वाईट बोलूनही त्या मोडून पडल्या नव्हत्या, कारण त्यांच्या मतें शेवटला शब्द त्यांचा नव्हता. पुढें लूथरचें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावरील भाष्य, पानें सुटत आलेल्या एका जुन्या प्रतींत, त्याच्या हातीं पडलें; आणि आपलीच अवस्था दुसऱ्या कोणी शंभर वर्षांपूर्वीं भोगून लिहून ठेविली आहे हें पाहून त्यास आश्चर्य वाटलें. शेवटीं एके दिवशीं शेतांतून जात असतां, आपलें पुण्य स्वर्गांत, ख्रिस्ताच्या ठायीं आहे, हा विचार त्याच्या मनांत उतरला. तेव्हां त्यास उमगलें कीं, आपलें मन प्रसन्न असलें म्हणून तें पुण्य वाढत नाहीं आणि मन खिन्न असलें म्हणून घटत नाहीं. या ठिकाणीं त्यानें दिलेला दृष्टांत त्याच्या स्थितीस शोभणारा आहे: श्रीमंत माणसें खिशांत फुटकी चिल्लर बाळगतात, कारण त्यांचें सोनें घरीं पेटींत असतें. आपल्या अंगचे सद्गुण म्हणजे ती फुटकी चिल्लर. पैपैशाचा हिशेब ज्याच्या रोजच्या व्यवहारांत होता त्यासच अशी उपमा सुचावी.

येथें वाचकानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ‘मी चांगला आहें’ असें बन्यन स्वतःस कोठेंही पढवीत नाहीं. आजकाल आत्मविश्वासाचे पाठ देणारीं पुस्तकें हाच उपाय सांगतात आणि खिन्न मनुष्यास तो लागू पडत नाहीं, कारण फिर्यादीजवळ पुरावा तयार असतो. बन्यननें फिर्यादीस खोटें पाडलें नाहीं. त्यास न्यायासनावरून खालीं उतरविलें. ‘यात्रिकक्रमणां’त हें अधिक लख्ख दिसतें. अपोल्लिओन हा दैत्य ख्रिस्ती नांवाच्या यात्रिकाची वाट अडवितो आणि त्याचे सारे प्रमाद एकेक करून मोजतो. यात्रिकाचें उत्तर असें कीं, हें सर्व खरें आहे, आणि तूं गाळलेंस असें आणखीही पुष्कळ आहे. परंतु ज्या राजाची मी चाकरी करतों तो क्षमाशील आहे. फिर्यादीस याहून निरुत्तर करणारें उत्तर आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यापुढें मृत्युच्छायेच्या दरींत एक भूत यात्रिकाच्या मागून हळूच येतें आणि त्याच्या कानांत ईश्वरनिंदेचीं वाक्यें कुजबुजतें. यात्रिकास वाटतें, तीं आपल्याच मनांतून उठलीं. आत्मचरित्रांत ज्याचा उलगडा करावयास बन्यनला शेंकडों वाक्यें लागलीं, तें रूपकांत एका प्रसंगानें झालें. आवाज माझ्या कानांत आहे, म्हणून तो माझा आहे असें ठरत नाहीं.

आमच्या वाचकांस या ठिकाणीं वारकरी संतांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्यांच्या अभंगांतही स्वतःस पतित, अपराधी म्हणणारे उद्गार विपुल आहेत. परंतु ते उद्गार विठ्ठलासमोर काढलेले आहेत. बंद खोलींत स्वतःशीं पुटपुटलेले नाहींत. दोन्ही संप्रदायांचें तत्त्वज्ञान वेगळें आहे आणि तें एकच आहे असें भासविण्याचा आमचा हेतु नाहीं. एवढेंच म्हणावयाचें कीं, तीच कबुली कोणासमोर दिली यावर ती औषध होणार कीं विष होणार हें पुष्कळसें अवलंबून असतें.

येथें कोणी सुज्ञ वाचक हरकत घेईल कीं, बन्यनला ज्या धर्मानें बरें केलें त्याच धर्मानें आधीं आजारी पाडलें नव्हतें काय? नरकाचें भय, निवडलेले आणि टाकलेले असा भेद, एसावाची कथा, हीं शस्त्रें फिर्यादीस कोणीं पुरविलीं? हरकत रास्त आहे आणि ग्रंथ ती लपवीत नाहीं. बन्यनच्या मनावर पडणारे घाव बहुतेक शास्त्रवचनांचेच आहेत. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानें १९०२ सालच्या आपल्या धर्मानुभवविषयक ग्रंथांत बन्यनला रुग्णचित्त प्रकृतीचा नमुना म्हणून घेतलें आहे. अशीं मनें कोणत्याही धर्मांत दुःख शोधून काढतीलच, असें म्हणतां येईल. अलीकडच्या काळांत, १९६० नंतर, आरन बेक या मनोवैद्यानें खिन्न रोग्याच्या मनांत आपोआप उठणाऱ्या विचारांची पुराव्यानिशीं तपासणी करण्याची एक चिकित्सा रूढ केली आणि तिनें पुष्कळांस गुण येतो. ती पद्धति विचार खरा कीं खोटा हें पाहते. बन्यनचा मार्ग याहून भिन्न आहे: विचार खरा असला तरी निकाल देण्याचा हक्क त्यास नाहीं. ज्याचा अपराध खरोखरीच घडला आहे त्यास या दुसऱ्या मार्गाची गरज अधिक भासेल.

बन्यनलाही ती भासली. त्याची थोरली मुलगी आंधळी होती. तुरुंगांत जातांना, आपण आपलेंच घर बायकोमुलांच्या डोक्यावर पाडीत आहों, असें त्याचें मन त्यास सांगे. हा आरोप भ्रम नव्हता. मुलें खरोखरीच हालांत पडणार होतीं. त्यानें तो नाकारला नाहीं. अनाथांचा सांभाळ करण्याचें देवाचें वचन धरून त्यानें पाऊल टाकलें. हें करावें कीं न करावें याविषयीं वाचकांत मतभेद होईल आणि तो व्हावा असेंच हें प्रकरण आहे.

परंतु श्रद्धेचें हें औषध सर्वांस लागू पडतें असें सांगून लेख संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. बेडफर्डहून जी औझ नदी वाहते तीच दहा-बारा मैलांवर ऑल्नी गांवाजवळून वाहते. तेथें पुढील शतकांत विल्यम कूपर हा कवि राहत होता. १७६३ मध्यें त्यास उन्माद झाला आणि त्यानें आत्मघाताचे प्रयत्न केले. सेंट ऑल्बन्स येथील डॉक्टर कॉटन यांच्या रुग्णालयांत तो बरा झाला, आणि बायबलांतील पौलाचें एक वचन वाचतांना त्यास शांति मिळाली. पुढें जॉन न्यूटन या धर्मोपदेशकाच्या सहवासांत त्यानें स्तोत्रें रचिलीं. तीं १७७९ मध्यें न्यूटनच्या स्तोत्रांसह प्रसिद्ध झालीं आणि आजही गाइलीं जातात. परंतु त्यापूर्वींच, १७७३ मध्यें, त्यास एक स्वप्न पडलें. त्यांत आपला नाश ठरलेला आहे असा शब्द त्यानें ऐकिला. तेव्हांपासून १८०० सालीं मरेपर्यंत तो उपासनेस गेला नाहीं. त्यानें ससे पाळले, बाग केली, हसविणाऱ्या कविता लिहिल्या, होमर इंग्रजींत आणला. देव सर्वांस क्षमा करतो, फक्त मला करीत नाहीं, ही समजूत मात्र सुटली नाहीं.

दोघांचा धर्म एक, शास्त्र एक, नदीही एक. मग असें कां झालें? कूपरची श्रद्धा उणी होती असें म्हणणारा मनुष्य बन्यनला भेटलेल्या त्या जुन्या भाविक गृहस्थाचाच भाऊबंद समजावा. आम्हांस दिसतें तें एवढेंच: बन्यनच्या बाबतींत फिर्यादी आणि न्यायाधीश निराळे होऊं शकले, कूपरच्या बाबतींत फिर्यादीनें प्रत्यक्ष ईश्वराचाच आवाज उचलला. मग दाद मागावयाची कोणाकडे? अशा ठिकाणीं वैद्याची गरज असते, आणि वैद्याकडे जाण्यानें श्रद्धेस कमीपणा येत नाहीं. कॉटनचें रुग्णालय कूपरच्या चरित्रांतील उजळ भागांपैकीं एक आहे.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. पुनरुक्ति फार आहे; एकच वचन एकदां तारतें, पुन्हां मारतें, पुन्हां तारतें. पहिल्या पत्नीचें नांवसुद्धां कळत नाहीं. सामान्य वाचक मध्यावर थकेल. परंतु हा थकवा विषयाचाच आहे. असल्या मनोव्यथेंतून मनुष्य एका झटक्यांत बाहेर येतो अशी फसवी समजूत बन्यन करून देत नाहीं. ग्रंथाच्या शेवटीं, सर्व कृपा वर्णन झाल्यावर, अद्यापि आपल्या मनांत असलेले सात दोष तो मोजून दाखवितो; त्यांत अविश्वासाकडे असलेला कल पहिलाच आहे.

रूपकांतील संशयदुर्ग ज्यांनीं वाचला आहे त्यांस आठवत असेल कीं, निराशा नांवाच्या राक्षसानें ख्रिस्ती आणि आशावंत या दोघांस बुधवारपासून शनिवारपर्यंत अंधारकोठडींत ठेविलें होतें, आणि वचन नांवाची किल्ली सारा वेळ ख्रिस्तीच्याच छातीशीं होती. पण किल्ली आठवेपर्यंत त्यास जिवंत कोणीं ठेविलें? राक्षसाच्या सल्ल्याप्रमाणें तो जीव देण्याच्या गोष्टी बोलूं लागला, तेव्हां आशावंत त्याजजवळ बसून राहिला. त्यानें उपदेश थोडा केला, मागील संकटांची आठवण दिली आणि आणखी थोडें थांबण्यास सांगितलें. ज्या घरांत कोणी माणूस स्वतःविषयीं अशीं वाक्यें बोलूं लागलें आहे, त्या घरांतील मंडळींनीं निदान हीं पांच-सहा पानें एकत्र बसून वाचावीं. ‘श्रद्धा ठेव’ असें दारांतून सांगणें सोपें आहे. आशावंत कोठडीच्या आंत होता.